लंपन

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या कथांतील शाळकरी नायक व निवेदक. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार संग्रहांत तो वाढत जातो. आईवडील दुसऱ्या गावी. लंपन बेळगाव परिसरातल्या कानडी-मराठी वळणाच्या गावात आजी-आजोबांपाशी राहतो. आजीचा धाक आणि लळा एकाच दमात येतात, त्यामुळे हे घर त्याचंच होतं. तरी आईची ओढ सुटत नाही. दोन घरांमधली ही ओढाताण संतांनी कुणालाही दोषी न ठरवता रंगवली, हे त्यांचं फार मोठं यश. मैत्रीण सुमीमुळे त्याच्या भावविश्वाला कोवळी नवी जाग येते. पुढे वडिलांच्या मृत्यूने त्याचं बालपण संपतं. संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे पुत्र. लंपनसारखेच प्रकाश संतांचेही वडील त्यांच्या लहानपणीच वारले होते.