न बुडणारी होडी आणि एक इंचाचं भोक

गेल्या आठवड्यात माझ्या मित्राने एक जुनी फायबरग्लासची होडी घेतली. (आम्ही बॉस्टनजवळ राहतो. इथे लोक सेकंडहँड स्कूटर घ्यावी तशा होड्या घेतात!) "मागच्या बाजूला भोक पाडून बूच बसवायचंय, ड्रिल घेऊन ये," म्हणाला. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. पूर्ण वीकेंड गेला...

धडधाकट होडीला आपल्या हाताने भोक पाडायचं, हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण होडीत पावसाचं, लाटांचं पाणी साचतंच. होडी किनाऱ्यावर ओढली की बूच काढायचं, पाणी आपोआप वाहून जातं. लाकडी होडीत लाकडाचंच बूच ठोकलं की ते भिजून फुगतं आणि घट्ट बसतं. फायबरग्लास फुगत नाही. खरी भानगड तिथेच आहे.

१९४२ साली ओहायोतल्या टोलेडोमध्ये रे ग्रीन यांनी काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन वापरून होडी बनवली. ना शिवण, ना सांधा. गळती संपली असंच वाटलं असणार. पुढे १९५८ मध्ये रिचर्ड फिशर यांनी बॉस्टन व्हेलर बाजारात आणली. तळाला काचेचे दोन थर आणि मध्ये पॉलियुरेथेन फोम ठासून भरलेला. १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकात त्यांचे फोटो आले: ते होडीत बसलेत आणि होडी मधोमध करवतीने कापली जातेय! दोन्ही तुकडे तरंगत राहिले.

पण पाणी काढायला याही होडीला भोक लागलंच. ते फोममधून आरपार जातं, म्हणून त्यात पितळेची नळी, दोन्ही टोकं पसरवून रबरी रिंगवर दाबलेली. खाऱ्या पाण्याने वर्षानुवर्षं पितळ खाल्लं की नळीला चीर पडते आणि पाणी गाभ्यात शिरतं. होडी बुडत नाही. नुसती जड होत जाते. बाहेरून काही दिसत नाही आणि आत गेलेलं पाणी सहजी निघत नाही.

हे वाचलं शनिवारी रात्री. त्याच दुपारी मित्राच्या होडीत ड्रिल घातलं तर भुसा निघाला काळपट आणि ओला. हिच्या मागच्या भिंतीत फोम नाही, प्लायवुड आहे. शेजारीच जुन्या स्क्रूचं एक भोक होतं, वरून फक्त रंग फासलेला. मित्र गप्प झाला. सगळी भिंत कुजली असेल तर होडी भंगारात!

थोडं लांब एक बारीक भोक पाडून पाहिलं. भुसा पांढरा, कोरडा. वाचलो! कुजलेलं तेवढं कोरून काढलं, उरलेलं हीटर लावून वाळवलं, मग सगळी पोकळी घट्ट इपॉक्सीने भरली. रविवारी त्या इपॉक्सीतूनच नवं, लहान भोक पाडलं. म्हणजे पाण्याला लाकूड दिसायलाच नको. त्यात सीलंट लावून ब्राँझचं बूच बसवलं. स्क्रूसुद्धा इपॉक्सीतच.

दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला यात नवीन काय? मुद्दाम ठेवलेल्या दारावर सगळ्यांचं लक्ष असतं. घात करतं ते कुणीतरी घाईत पाडलेलं आणि रंग फासून विसरलेलं भोक.

असो. पुढच्या शनिवारी होडी पाण्यात. बूच लावलंय का, हे दोघांनी एकेकदा तपासायचं ठरलंय!