मांडवातलं राजकवीपद

लग्नाच्या मांडवात माझी आजी पाटावर बसली, की गलका आपोआप थांबायचा. कपाळाला हळद, पुढ्यात सुपातले तांदूळ. पहिला मान द्रोणागिरी आईला. मग एकेका देवाचं नाव घेऊन ती त्याला लग्नाला बोलवायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या विधीला कुठला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणायचा, हे तिला पक्कं ठाऊक. आम्हा उरणजवळच्या करंजा गावच्या लोकांची ती धवलारीण. पुढे मी मराठीची शिक्षिका झाले. वर्गात ‘राजकवी’ हा शब्द आला, की मला आजीच आठवायची.

कवीला असा मान देण्याची रीत जुनी: इटालियन कवी पेत्रार्कच्या डोक्यावर १३४१ साली रोममध्ये लॉरेलच्या पानांचा मुकुट चढवला गेला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं जॉन ड्रायडनला राजकवी नेमलं ते १६६८ साली. लग्नात आंदण मिळालेली मुंबई याच राजानं, त्याच वर्षी, सालीना १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. ती मुंबई आमच्या उरणच्या मोरा बंदरातून समोर दिसते.

आपल्याकडे ‘शिवभारत’कार परमानंद ‘कवींद्र’ म्हणून ओळखले गेले. ग्वाल्हेर संस्थानानं भा. रा. तांब्यांना राजकवी केलं, बडोद्यानं चंद्रशेखरांना आणि १९४० साली यशवंतांना. प्रतापसिंहराव गायकवाडांच्या राज्यारोहणावर यशवंतांनी ‘काव्यकिरीट’ लिहिलं. दरबाराच्या मंगल दिवसाला शब्द द्यायचे, हे राजकवीचं काम. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पद देणारा दरबारच उरला नाही.

धवलारिणीला नेमणारा दरबार कधीच नव्हता. तेराव्या शतकात महदंबेनं ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे गायले. मराठीची आद्य कवयित्री लग्नाच्या गाण्यांतूनच आपल्याला भेटते. आमच्या आगरी-कोळी किनाऱ्यावर ते काम बायकांनी ऐकून ऐकून पुढे नेलं. कितीतरी लग्नं भटजीविना, धवलारिणीच्या तोंडच्या शब्दांवर लागली. आजीला मिळायचं लुगडं, नारळ आणि ओटीभर तांदूळ. मांडवात गरिबाघरचा नवराही राजा असतो, आणि त्या राजासाठी तिनं गळा कधी राखून ठेवला नाही.

तिचे आठवतील तेवढे धवले मी वहीत उतरवले आहेत. पहिल्या पानावर तिचं नाव आहे आणि नावापुढे गावानं दिलेलं पद: धवलारीण.