पापणी उचलली, पण नजरेचं काय?

तुमच्या बाळाची एक पापणी जन्मापासून खाली पडलेली असेल, तर सणसरमध्ये काय किंवा पुण्यात काय, घरातलं कोणीतरी म्हणतंच, "मोठं होऊ दे, मग बघू." मुलगी असेल तर "लग्नाआधी करून घेऊ."

पूर्वीचे सर्जनही पापणीकडे पापणी म्हणूनच बघत. एकोणिसाव्या शतकात ती उचलणारा स्नायू आखूड करायला सुरुवात झाली. स्नायू फारच दुबळा असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. त्यासाठी मांडीतल्या चिवट पडद्याच्या पट्ट्या वापरण्याची कॅनडातल्या डॉ. क्रॉफर्ड यांची १९५६ ची पद्धत आजही चालते.

नजरेचा धडा मात्र मांजराच्या पिल्लांनी दिला. अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली आणि काही महिन्यांनी उघडली. १९६३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: डोळा ठणठणीत, तरी त्या डोळ्याने पिल्लाला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, कारण मेंदू त्या डोळ्याचं बघायला शिकलाच नव्हता. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर काही बिघडत नव्हतं! प्रयोग क्रूर वाटतो, वाटायलाच हवा. पण १९८१ च्या नोबेलपर्यंत पोचलेल्या या कामामुळेच "मोठं होऊ दे" हा सल्ला धोक्याचा ठरला.

पापणीने बाहुली झाकली असेल, तर ऑपरेशन लवकर, कधीकधी पहिल्या वर्षातच करावं लागतं. बाहुली उघडी असेल तर साधारण तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबता येतं, पण तपासणी थांबवायची नाही. पडक्या पापणीच्या डोळ्याला बऱ्याचदा सिलिंडरचा नंबर असतो, आणि तोही डोळा आळशी करतो. ऑपरेशनने पापणी वर येते, नंबर जात नाही. उलट बदलू शकतो. म्हणून नंतर पुन्हा नंबर तपासून चष्मा, आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. ही पट्टी फ्रान्सच्या ब्यूफाँ यांनी १७४३ मध्येच सुचवली होती. ऑपरेशनला तयार होणारे पालक पट्टीला कंटाळतात, आणि नजर तिथेच हातची जाते.

पालघरमधून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना पापणी दाखवाच. मूल हनुवटी वर करून बघत असेल, तर पथकाचीही वाट बघू नका, सरळ नेत्रतज्ज्ञांकडे न्या.