तालमीचा शिरस्ता

शिरूर तालुक्यात घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात कवठे येमाई हे गाव आहे. ज्या देवीच्या नावाने ते ओळखले जाते ती येमाई गावाची अधिष्ठात्री; आणि गंगाराम कवठेकर, बशीर मोमीन कवठेकर यांच्यासारखे कलावंत व शाहीर या गावाने तमाशाच्या रंगभूमीला दिल्यामुळे गावाची कीर्ती बहुधा ढोलकीच्या अंगानेच सांगितली जाते, हे स्वाभाविक आहे. परंतु पुणे जिल्ह्याच्या या मुलखात जत्रेचा जो क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, म्हणजे आधी देवीचा अभिषेक आणि पालखी, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या आणि दुपार कलली की कुस्त्यांचा आखाडा, त्यात ढोलकीच्या पाठोपाठ हलगी वाजते. आणि या हलगीच्या मागे उभी असलेली जी तालीम नावाची संस्था, तिचा इतिहास लिहिण्याकडे आपले लक्ष पुरेसे गेलेले नाही.

आखाड्याचा आरंभ पोरांच्या कुस्त्यांनी होतो. मैदानाच्या कडेला उघड्या अंगाची पोरे गोळा होतात, गावातली दोन-तीन जाणती माणसे मध्ये उभी राहतात, एका पोराचा खांदा दुसऱ्याच्या खांद्याला भिडवून उंची पाहतात, मनगट चाचपतात, पाठीवरून हात फिरवून हाडापेराचा अंदाज घेतात आणि जोड पसंत आहे का असे दोघांनाही विचारतात. नापसंत असल्यास पोराला मागे सरता येते. या पहिल्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग रोख इनामावर. आकडा चढत जातो, माणसांचे वय आणि वजन चढत जाते, आणि दिवस मावळण्याच्या बेताला मानाची शेवटची कुस्ती लागते. सातआठ वर्षांच्या ज्या पोराने मूठभर रेवड्यांसाठी हजारो डोळ्यांसमोर लांग चढवून शड्डू ठोकलेला असतो, त्याने त्या दुपारी आपल्या देहाविषयी एक गोष्ट कायमची जाणलेली असते: हा देह लपविण्याजोगा नाही, तो कोणाच्या तरी तोडीस तोड आहे, आणि तो चीत झाला तरी पुढच्या जत्रेला पुन्हा जोड लावून मिळणार आहे.

स्वतःच्या शरीराविषयी समाधान आणि आदर वाटणे, ही आजच्या व्यायामशाळांत फार बोलली जाणारी गोष्ट आहे. माझे म्हणणे असे की, तालमीने ही गोष्ट कधी उपदेशाने शिकविली नाही; तिने ती वर्तनाच्या नियमांतून घडविली, आणि म्हणून तालमीचा शिष्टाचार हाच तिचा खरा इतिहास आहे.

तो इतिहास जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची वय, देह आणि बळ यांवरून केलेली ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल अशी प्रतवारी त्यात आहे, आणि भारश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम असे मेहनतीचे प्रकारही आहेत. जत्रेच्या कडेला खांद्याला खांदा भिडवून पाहणारी माणसे सोमेश्वराच्याच प्रतवारीचे काम करीत असतात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन मल्ल पुण्याच्या दरबारी आले, त्यांच्या आव्हानाला कोणी पुढे होईना, तेव्हा बाळंभट दादा देवधर या तरुणाने मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीजवळ उपासना व मेहनत करून मल्लखांबाची विद्या सिद्ध केली आणि परत येऊन मैदान मारले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातला दैवी भाग बाजूला ठेवला तरी त्या तरुणाने मुदत मागितली, हा तपशील मला मोलाचा वाटतो. आज आपण कमी आहोत हे भर दरबारात कबूल करण्यास संकोच नाही, आणि उद्या तसे राहणार नाही याविषयी शंका नाही. आत्मप्रत्यय तो हाच.

पेशवाई बुडाली ती या शिरूरच्या परिसराला साक्षीला ठेवूनच. घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती, 1817 साली पूना हॉर्स म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले घोडदळ येथेच उभे राहिले, आणि 1818 च्या पहिल्या दिवशी कोरेगाव भीमा येथे लढलेली पलटण शिरूरहूनच कूच करून गेली होती. राज्य गेल्यावर शिलेदार-बारगिरांच्या पोटापाण्याचा प्रश्न तर उभा राहिलाच; पण पट्टा, बोथाटी, तलवार ही ज्या कसबाची हत्यारे, त्या कसबालाच धनी उरला नाही, आणि 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. हत्यार गेले, माती राहिली. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांनी जी तालीम चालविली, तिच्यात जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. मातंग समाजातला वस्ताद आणि माळी समाजातला शिष्य, असे हे नाते ज्या काळात जुळले त्या काळी शाळेच्या ओट्यावर ते जुळणे दुरापास्त होते. सगळ्याच तालमींची दारे सगळ्यांना उघडी होती असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. गावगाड्याची शिवाशीव अनेक ठिकाणी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत आणि कित्येकदा उंबऱ्याच्या आतही पोहोचली होती. पण एकदा मातीच्या हौद्यात उतरल्यावर अंगाला अंग लागल्यावाचून कुस्ती होत नाही, हा त्या विद्येचा स्वभावच असल्यामुळे, जिथे वस्ताद खंबीर होता तिथे भेदाला जागा उरली नाही. बडोद्यास जुम्मादादा या मुसलमान वस्तादाच्या तालमीचा वारसा माणिकराव या हिंदू शिष्याने चालविला आणि गुरूचे नाव व्यायाममंदिराला कायमचे दिले, हे याच शिरस्त्याचे दुसरे उज्ज्वल उदाहरण होय.

आता हा हौदा जरा जवळून पाहू. खेड्यातली तालीम म्हणजे बहुधा एक बुटकी, जाड भिंतींची, कमी उजेडाची खोली. दारात वाकूनच शिरावे लागते. आत मारुतीचा कोनाडा, भिंतीला टेकून करेल, जोडी, मुद्‌गल, आणि मध्ये हौदा. त्यातली तांबडी माती चाळून घेतलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर हे तालमीच्या ऐपतीप्रमाणे मुरविलेले असते, कारण ही माती अंगाला चिकटली पाहिजे पण खरचटू देता कामा नये, घाम शोषला पाहिजे पण कुजता कामा नये. रोजच्या मेहनतीने ती दबून टणक होते, म्हणून रोज कोणी तरी ती फावड्याने खणून भुसभुशीत करावी लागते. हे खणणे कोणाकडे? तर नव्याकडे आणि तरण्याकडे. आणि जो उद्या मैदान मारणार त्यालाही त्यातून सूट नसते. खांद्यापाठीला मेहनत होते हा त्यातला एक लाभ. दुसरा लाभ असा की, ज्या मातीवर आपल्या मागून येणारा पोर पडणार आहे ती मऊ ठेवण्याची जबाबदारी आपली आहे, ही गोष्ट तोंडाने न सांगता हाताला कळते.

बाकीचे नियमही याच जातीचे. पायातले जोडे बाहेर. आत आल्यावर मारुतीला नमस्कार, मग मातीला हात लावून तो कपाळाला. हौद्यात थुंकायचे नाही, शिवी उच्चारायची नाही, दुसऱ्याचा लंगोट वापरायचा नाही. वस्तादाचा हुकूम झाल्याखेरीज जोडाला हात घालायचा नाही. लढतीत उतरताना समोरच्याच्या हाती माती द्यायची आणि त्याच्याकडून घ्यायची. म्हणजे ज्याला आता पाडायचे आहे त्याच्या हातावरचा ओलावा आपणच पुसून त्याची पकड पक्की करून द्यायची. थोर मल्लाने लहानाशी खेळताना त्याला चिरडायचे नाही, त्याला डाव घालू द्यायचा, कुठे चुकला ते अंगानेच दाखवायचे. याला तालमीत खेळविणे म्हणतात, आणि आपल्याहून दुबळ्याला खेळविता न येणारा मल्ल वस्तादाच्या नजरेत अपुरा ठरतो. मेहनत झाली की सदरा घालून, डोईस फेटा बांधूनच गावातून जायचे. कमावलेले अंग बाजारात मिरवायचे नाही. एखादा नवा पोर किडकिडीत असला, बोजड असला, तरी त्याच्या अंगावरून थट्टा होऊ नये याकडे चांगल्या वस्तादाचा कटाक्ष असे. तो फक्त जोर आणि बैठकांचा आकडा ठरवून देई आणि महिन्यांनी तो वाढवी. बाजरीवर जगणाऱ्या, पावसाची वाट पाहणाऱ्या या मुलखात बदाम-तुपाचा खुराक किती घरांना परवडत होता? तरीही पोरे तालमीत येत राहिली, कारण तिथे त्यांची किंमत कालच्या त्यांच्याशीच ताडून पाहिली जाई.

या सर्व सामग्रीत एक वस्तू कुठेच दिसत नाही, ती म्हणजे आरसा. तो आपल्याकडे आला एका निश्चित वाटेने, आणि योगायोग असा की ती वाट आपल्याला पुन्हा देवीच्याच दारात नेते. साताऱ्याकडील औंध संस्थानची कुलस्वामिनी यमाई. तिच्या डोंगराच्या पायथ्याशी राज्य करणारे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1897 च्या सुमारास युजेन सँडो या युरोपीय बलभीमाची पुस्तके व साधने मागवून त्याच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. सँडोच्या पद्धतीत आरशासमोर उभे राहून एकेका स्नायूवर चित्त एकाग्र करावयाचे असे. त्या पद्धतीचे ऋण मी नाकारणार नाही. कचेरीत बसून लेखणी चालविणाऱ्या, तालमीला रांगडी समजणाऱ्या सुशिक्षित वर्गाला आपल्याही देहाकडे पाहावे असे प्रथम वाटू लागले ते याच सुमारास. पण आरशातला माणूस एकटा असतो. त्याला वस्ताद नसतो, जोड नसतो, खेळविण्यासाठी धाकटा नसतो, आणि म्हणून त्याचे समाधान फार लवकर असमाधानात बदलते.

भवानराव सँडोकडून सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग मात्र त्यांनी तो एकट्यापुरता ठेवला नाही. संस्थानच्या शाळांतून मुले आणि मुली या दोघांनाही नमस्कार घालावयास लावले, राजवाड्यातल्या स्त्रियांनाही त्यात सामील केले, पुस्तके लिहिली, आणि 1938 साली त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या स्त्रीला घरातल्या चार हात जागेत, कोणतेही साधन न घेता करता येईल असा व्यायाम प्रतिष्ठेने हाती देणे, ही तालमीला न साधलेली गोष्ट औंधने साधली. तिचे श्रेय त्या राजाला द्यायलाच हवे.

याच काळात तालमीला संस्थेचे रूप येत गेले. अमरावतीस वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, त्याच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ जगाला दाखविले. पुण्यास शिवरामपंत दामले यांनी 1924 मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापिले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1912 पर्यंत खासबागेचे मैदान पुरे करवून घेतले, ज्यात कुठेही बसलेल्या प्रेक्षकाला हौदा सारखाच दिसतो. आणि बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत पुरा केला. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीस ब्राँझपदक मिळविले, दुसऱ्याच वर्षी राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, 1961 पासून महाराष्ट्र केसरीची गदा सुरू झाली. हा भाग सर्वांना परिचित असल्याने विस्तार करीत नाही.

आज कुकडी-घोडच्या कालव्यांनी या पट्ट्यात ऊस आणला, रांजणगावला कारखाने आले, तालुक्याच्या पेठांतून काचेच्या दारांच्या, भिंतभर आरशांच्या जिम निघाल्या. वजने जागच्या जागी ठेवावीत, बाक पुसून द्यावा, यंत्र अडवून बसू नये, दुसऱ्याच्या अंगाकडे टक लावून पाहू नये, अशा सूचनांच्या पाट्या तिथे असतात. वाचताना मला त्या परक्या वाटत नाहीत; हौदा खणून ठेवण्याचा आणि दुसऱ्याचा लंगोट न वापरण्याचा नियमच तिथे छापून लावलेला आहे. उणीव आहे ती वस्तादाची. नवा माणूस दारात दिसला की त्याचे अंग न हिणविता त्याला आजचा आकडा नेमून देणारे आणि थोराकडून त्याला खेळवून घेणारे कोणी तिथे क्वचितच असते, आणि पाटी हे काम करू शकत नाही. मासिक शुल्क घेणाऱ्या चालकांनी एखाद्या वृद्ध पहिलवानाला दिवसाकाठी दोन तास केवळ यासाठी नेमावे, असे मला मनापासून वाटते.

तालमीनेही आपल्या जुन्या शिरस्त्यातले एक कलम मोडले आहे. स्त्रीने हौद्यात पाऊल घालू नये, हा नियम शतकानुशतके बहुतेक तालमींनी पाळला; 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. जत्रांच्या आखाड्यातही आता मुलींचे जोड लागतात. खांद्याला खांदा तसाच भिडवला जातो, जोड पसंत आहे का हे दोघींनाही तसेच विचारले जाते, आणि लढतीपूर्वी एकीच्या हातची माती दुसरीच्या हाती जाते.