पऱ्हाटीचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव रेणुकामातेच्या मंदिरामुळे सर्वांना ठाऊक आहे. भोवतालच्या बालाघाटात आता रान थोडेच. राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. येथील चुलीत पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या आणि क्वचित बांधावरची बाभूळ जळते. या सरपणाचा इतिहास आम्हास सांगावासा वाटतो, कारण हवामानबदल रोखण्यासाठी लाकूड जाळावे, असे आता प्रगत देश म्हणू लागले आहेत.

लाकडावर यंत्रे चालविणे नवे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ होताच आपल्याकडील मोटारी लोणारी कोळशाच्या गॅसवर धावल्या. (चढावर त्यांना दम लागे, असे वडीलधारी मंडळी सांगत.) तो कोळसा जंगलांनीच पुरविला. पुढे १९८२ साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले. गावाने सरपण स्वतः पिकवावे, म्हणजे जंगल वाचेल, हा विचार उचित होता. पण कित्येक ठिकाणी नीलगिरी वाढली ती बाजारासाठी, चुलीसाठी नव्हे.

युरोपने २००९ च्या निर्देशात लाकडाच्या धुराची गणना शून्य धरली. तोडलेले झाड पुन्हा वाढेल आणि कर्बवायू शोषून घेईल, हा त्यामागील तर्क. इंग्लंडमधील ड्रॅक्स वीजकेंद्राने २०१३ पासून एकेक संच कोळशावरून लाकडाच्या गोळ्यांवर आणला. लाकूड मुख्यत्वे अमेरिकेतून येते. वस्तुतः तितक्याच विजेसाठी लाकूड कोळशाहून अधिक कर्बवायू सोडते. तो आज सुटतो. झाड तो परत घेईपर्यंत कित्येक दशके लोटतात. २०२१ साली पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी राष्ट्रप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात हीच चूक दाखविली. उभे जंगल राखणे अधिक लाभाचे, हे त्यांचे मत आम्हासही पटते.

भारताने त्याच वर्षी औष्णिक केंद्रांना कोळशात पिकांच्या अवशेषांच्या गोळ्या मिसळण्यास सांगितले. पऱ्हाटी दरवर्षी उगवते, म्हणून हा मार्ग पुष्कळ बरा. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचे वीजकेंद्र आहेच. परंतु पऱ्हाटीला भाव आला, तर ती शेतकऱ्याच्या दारातून गाडीत जाईल. शेतमजूर बाई आज ती फुकट वेचून आणते. तिच्याकडे भरलेला गॅस नसेल, तर कोयता बांधावरच्या बाभळीवर पडेल. आणि राणीसावरगावच्या शिवारात अशा बाभळी मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.