रुप्यावरचें सोनें

वाशीमहून पुसदकडे जातांना वाटेवर अनसिंग लागतें. तेथील एका जुन्या घरीं फराळानंतर आमच्यापुढें पानसुपारी आली, ती मुलाम्याच्या तबकांत. तबक मूळचें चांदीचें. कांठावरचें सोनें झिजून आंतलें पांढरें रुपें उघडें पडलें होतें. तें मोडीस घालण्याचा बेत दोनदां ठरला व दोनदां फिरला, असें यजमानांनीं हंसत सांगितलें. तें ऐकून आम्हांस फ्रान्सच्या राजांच्या भोजनपात्रांची आठवण झाली. कारण त्या पात्रांचा इतिहास मोडीच्याच प्रश्नाभोवतीं फिरतो.

अशा मुलाम्याच्या भांड्यांना फ्रेंच लोक 'वेर्मेय' म्हणतात. त्यांत केवळ डामडौल नव्हता. मीठ व अंडें यांच्या संगतीनें रुपें डागाळतें, सोनें डागाळत नाहीं. म्हणून मिठाच्या पात्राला निदान आंतून तरी मुलामा असे. इटलींत १७३८ सालीं हर्क्युलेनियम व १७४८ सालीं पाँपेई येथें उत्खननें सुरू झालीं आणि प्राचीन रोमन वस्तु उजेडांत आल्या. त्यानंतर फ्रेंच कारागिरांनीं शंखशिंपल्यांची नागमोडी नक्षी हळूहळू टाकून दिली व सरळ रेषा, पर्णमाला आणि रोमन कलशांचे घाट उचलले.

परंतु चांदीचें भांडें म्हणजे घडविलेला खजिनाच. युद्धाचा खर्च भागेना तेव्हां चौदाव्या लुईनें १६८९ सालीं व्हर्सायमधील चांदीचें सामान टांकसाळींत धाडलें. १७५९ सालीं पंधराव्या लुईनें तेंच केलें, आणि १७८९ सालीं सोळाव्या लुईवरही तीच पाळी आली. आपण याबद्दल त्यांस हंसूं नये. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं दिल्लीच्या दिवाण-इ-खासचें रुपेरी छत काढून त्याचे रुपये पाडले, तेव्हां त्यांच्यापुढेंही फौजेच्या पोटाचाच प्रश्न होता.

यामुळें जें परदेशीं गेलें, त्यांतलें बरेंच वांचलें. रोबेर-जोझेफ ओग्युस्त (१७२३–१८०५) यानें इंग्लंडचा तिसरा जॉर्ज व रशियाची राणी कॅथरिन यांच्यासाठीं घडविलेल्या पात्रांवरून त्याच्या हाताची आज पारख होते. त्याचा पुत्र आंरी यानें १८०४ च्या राज्याभिषेकासाठीं पॅरिस शहरातर्फे नेपोलियनला नजर केलेला मुलाम्याचा थोर भोजनसंच केला. पुढें मात्र त्याचें दिवाळें निघालें. मग ओदियो (१७६३–१८५०) पुढें आला. १८११ सालीं नेपोलियनच्या पुत्रासाठीं झालेला मुलाम्याचा पाळणा त्यानें तोमीर याच्यासह घडविला. तिसरा बिएने हा मूळचा प्रवासी पेट्या करणारा. १७९१ सालीं कारागिरांच्या श्रेणींचे निर्बंध उठले, म्हणून त्याला चांदीचें काम मोकळें झालें.

हीं नांवें इतिहासांत राहिलीं. मुलामा चढविणारांचीं राहिलीं नाहींत. सोनें पाऱ्यांत कालवून तो लगदा भांड्यावर फांसीत व भांडें विस्तवावर धरीत. पारा वाफ होऊन उडे, सोनें चिकटून राही. मग अकीकाच्या ओपणीनें त्यास ओप देत. ती वाफ कारागिराच्या श्वासांत जाई. त्याचे हात कांपूं लागत, दांत हलत, आणि पुष्कळांचें आयुष्य अकालीं संपे. आपल्याकडील जुने मुलामेवालेही पाराच वापरीत. १८१४ सालीं वारलेला राव्रियो नांवाचा ब्राँझचा कारागीर मृत्युपत्रांत तीन हजार फ्रँक ठेवून गेला, ते या विषापासून कामगारांस वांचविण्याची युक्ति काढील त्याच्यासाठीं! १८१८ सालीं तें पारितोषिक दार्से या रसायनज्ञास मिळालें. धूर बाहेर ओढून नेणारी भट्टी त्यानें योजिली होती. १८४० सालीं एल्किंग्टन यांनीं विजेच्या मुलाम्याचें पेटंट घेतलें आणि पाऱ्याचें काम हळूहळू मागें पडलें.

अनसिंगचें तें तबक कोणीं व कधीं केलें, हें त्या घरांत कोणास ठाऊक नाहीं. मोडीला घातलें तर वजनाप्रमाणें रुपयाचा भाव येईल. मुलाम्याचा पातळ थर कोणी हिशेबांतही धरणार नाहीं. तथापि कोणा अज्ञात माणसानें आपला श्वास खर्चिला, तो त्याच थरापायीं. राजांस फौजेसाठीं भांडीं वितळवावीं लागलीं. आपल्यावर तशी वेळ क्वचितच येते. आपल्या घरीं असें एखादें झिजलेलें पात्र असेल, तर तें कांट्यावर घालण्यापूर्वीं एकवार उजेडांत धरून पाहावें, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.