रात्री आठ वाजले की

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले बेलव्ह्यू आज संगणकाच्या कंपन्यांचे शहर आहे. मायक्रोसॉफ्ट शेजारीच असल्यामुळे तिथे मराठी घरेही पुष्कळ झाली आहेत. पण दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे स्ट्रॉबेरीची शेते होती आणि ती पिकवणारी मंडळी बरीचशी जपानी होती. झाडे तोडून नेलेल्या रानातले बुंधे काढून त्यांनी ती जमीन लागवडीखाली आणली. १९२१ च्या कायद्यामुळे जपानहून आलेल्या माणसाला जमीन घेता येत नसे, म्हणून तिथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर ती घ्यायची. १९२५ पासून गावात स्ट्रॉबेरीचा उत्सवही भरू लागला.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला. मार्चमध्ये किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांवर, ते जन्माने अमेरिकन नागरिक असले तरीही, रात्री आठ ते सकाळी सहापर्यंत घराबाहेर पडण्याची बंदी आली.

बेलव्ह्यूच्या समोर, तळ्यापलीकडे, सिॲटल आहे. तिथल्या विद्यापीठात गॉर्डन हिराबायाशी शिकत होते आणि वसतिगृहात राहत होते. आठ वाजत आले की मित्रच घड्याळ पाहून त्यांना आठवण करीत, आणि हिराबायाशी वाचनालयातून धावत खोलीवर येत. मित्र मात्र तिथेच अभ्यास करीत बसलेले असत. आमच्या मते या गोष्टीतली खरी जागा हीच आहे. शिपाई नाही, बंदूक नाही, हुकूम पाळून घेत होते ते मायेचे मित्र! एके दिवशी त्यांनी धावणे थांबवले. मे महिन्यात त्यांनी स्थलांतराची नोंदणी नाकारली आणि स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे हजर झाले.

त्याच महिन्यात बेलव्ह्यूची सुमारे ६० कुटुंबे, हातात मावेल तेवढेच सामान घेऊन, आगगाडीत बसली. फळ पिकायला आले होते. त्या वर्षीचा उत्सव रद्द झाला. त्यांनी हुकूम मानला म्हणून त्यांना भित्रे म्हणण्यास आम्ही तयार नाही. पदरी मुले, आईवडिलांना नागरिकत्व नाही, सगळे गाव गप्प. १९६४ साली यरुशलेमेत आपली माणसे संपावर बसली, तेव्हा निदान शेकडो जण एकत्र होते. १७ ऑगस्टला क्नेसेतने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला, हे वाचकांना सांगायला नको.

हिराबायाशींच्या विरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली एकमताने निकाल दिला. शिक्षा भोगायला ॲरिझोनाला पाठवण्याचा खर्च सरकार देईना, तेव्हा वाटेत भेटेल त्या मोटारीत बसून ते तुरुंगाच्या दारी पोचले. तिथे त्यांचे कागदच सापडेनात!

बेलव्ह्यूला थोडीच कुटुंबे परतली. १९४६ साली तिथे बेलव्ह्यू स्क्वेअर ही बाजारपेठ उघडली. ती उभारणाऱ्या केंपर फ्रीमन यांचे वडील मिलर फ्रीमन जपान्यांविरुद्ध कित्येक वर्षे चळवळ करीत होते.

हिराबायाशींवरचा ठपका १९८७ साली न्यायालयाने पुसला. पुढच्या वर्षी सरकारने कायदा करून माफी मागितली आणि प्रत्येकी २०,००० डॉलर देऊ केले, पण तेव्हा हयात असलेल्यांनाच.